अंगणातला आडवा दगड

तुमच्यासाठी शेवटचा दगड निवडला तो भाऊजींनी, आणि तोही न बघता. स्मशानात मडकं फोडायला जो खडा उचलतात, त्याच्यातच पुढे दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव मानायचा. तुमचा तो जीवखडा म्हणजे मुरमाचा एक टवका निघाला. बोटानं चोळला तर भुकटी पडेल असा. जन्मभर एकेका गोट्यासाठी नद्या-ओढे पालथे घालणारा माणूस तुम्ही, आणि तुमच्या वाट्याला हे यावं!

तो घरात आणत नाहीत म्हणून भाऊजींनी फडक्यात बांधून फाटकाजवळच्या लिंबाला टांगला होता. मी फडकं सोडून बघितला. म्हटलं, "भाऊजी, हा बदला." ते म्हणाले, "कुसुम, ह्यात निवड नसती. हाताला लागंल त्यो घ्यायचा." मी म्हटलं, "यांनी हाताला लागेल तो दगड कधी घेतला का?" त्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला पुढे बोलवेना. आपल्याला मूलबाळ नाही, म्हणून थोरल्या भावानं धाकट्याचं मडकं खांद्यावर घेतलं होतं. मी गप्प बसले. तेवढी एक माघार घेतली, आणि तुम्हाला आधीच सांगून ठेवते, त्यानंतर घेतलेली नाही.

दहाव्याला पुणतांब्याला गेले सगळे. गोदावरीला पाणी कुठलं! या दुष्काळात एका डोहात गुडघाभर गढूळ उरलंय, त्यातच सोडला म्हणे खडा. दोन्ही बाजूंना नदीचं पात्र कोरडं ठणठणीत, आणि गोटेच गोटे. तुम्ही असतात तर दहावा राहिला बाजूला, पिशवी काढून गोटे वेचायला बसला असतात, आणि भाऊजींना थांबायला लावलं असतंत. भाऊजी परत येऊन हे सांगत होते, तेव्हा मला हसू आलं. शेजारच्या बायकांनी ते बघितलं आणि एकमेकींना कोपरानं ढोसलं. ढोसू देत.

लोक मला येऊन सांगतात, सर किती शांत, किती समजूतदार. मी ऐकून घेते. आपलं भांडण काय होतं ते त्यांना काय माहीत? रेल्वेलाइनीच्या पलीकडे प्लॉट घेतला, घर बांधलं, तेव्हा मी एकच मागितलं होतं, पुढच्या अंगणात मोगरा. फार नाही, एक वेल. शाळेतून तिसरीच्या पोरांचा कलकलाट डोक्यात घेऊन यायचं आणि दारात जरा वास घ्यायचा. तुम्ही हो म्हणालात. मग पाऊस गेला. दुसऱ्या वर्षीही गेला. श्रीरामपुरात एक दिवसाआड टँकर आणि घरटी दोन हंडे, तिथे मोगऱ्याला कोण पाणी घालतो? तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपण दगडांची बाग करू. दगडाला पाणी लागत नाही."

"वासही येत नाही," मी म्हटलं. तुम्ही हसलात आणि सायकलला गोणपाट बांधायला लागलात.

मला तेव्हा संताप आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. दर रविवारी तुम्ही प्रवरेच्या कोरड्या पात्रात. परत यायचात ते कॅरियरवर गोण, कपाळावर मीठ साचलेलं आणि तोंडाला माती. तोंडाला माती का, तर दगडाचा खरा रंग ओला केल्याशिवाय कळत नाही, आणि ओला करायला पाणी नाही, म्हणून तुम्ही सरळ जीभ लावायचात! हायस्कुलातला चित्रकलेचा शिक्षक भर उन्हात नदीत बसून दगड चाटतोय, हे गावभर झालं होतं. बाजारात एका बाईनं मला हळूच विचारलं होतं, सरांना वैद्याला दाखवलं का. मी तिला म्हटलं, "दाखवलं. वैद्य म्हणाला, खडूपेक्षा बरं." तिच्यापुढे तुमची बाजू घेतली आणि घरी येऊन तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तुम्हाला दोन्हीतलं एकच कळलं.

तेव्हा सगळीकडे विहिरींना सुरुंग लावून खोल करत होते. पाणी लागायचं नाही, दगड निघायचे. त्या ढिगांतून तुम्ही पोटात पांढरे स्फटिक असलेले तुकडे आणायचात. माणसांनी पाण्यासाठी फोडलेल्या विहिरीतून तुम्ही चकाकी घेऊन येता हे मला बरं वाटायचं नाही, आणि तसं मी बोललेही. तुम्ही म्हणालात, "मी नाही आणला तर रस्त्यात भर घालतील." पण तुम्हालाही ते लागलं असणार. कारण पुढे तुमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, लोक दुष्काळी कामावर खडी फोडून पोट भरतायत आणि मास्तर दगडांची आरास मांडतायत, तेव्हा तुम्ही तीन रविवार घरात बसलात. सायकल भिंतीला टेकलेली. तुम्ही पेपर उलटा धरलाय हेही तुमच्या लक्षात आलं नव्हतं.

तुम्हाला बाहेर काढलं ते मारुतीनं. आपल्या जोत्याचे दगड घडवणारा मारुती पाथरवट, तो त्या दिवसांत स्वतः खडीच्या कामावर जात होता. हातांना फोड आलेले. तो ओट्यावर बसून म्हणाला, "सर, फोडायला समदा तालुका लागलाय. एखाद्यानं जपला तर काय बिघडलं? मी बी दिसभर फोडतो, मला सांजच्याला एक अख्खा दगड बघाया बरं वाटतं." मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात तुम्ही सायकल काढली होती.

दगड निवडायचा कसा, हे त्यानं तुम्हाला शिकवलं आणि तुम्ही मला, मी नको नको म्हणत असताना. हातोडीनं टिचकी मारायची. खणखणीत बोलला तर अंगानं सलग, बद्द वाजला तर आत चीर. ज्या बाजूनं ऊन खाल्लं ती बाजू वरच ठेवायची, उलटा घातला तर तो कायम परका दिसतो. आणि जमिनीवर ठेवायचा नाही, जमिनीत बसवायचा, तिसरा हिस्सा आत. तुम्ही हे सांगताना हातानं दाखवायचात, आणि मी म्हणायचे, "माझ्याकडे कधी एवढं लक्ष दिलं होतं का?" तुम्ही म्हणायचात, "तुला टिचकी मारायची गरजच पडत नाही. तू न मारताच बोलतेस."

मग ते राजूरचं वेड. लग्नानंतरची आपली पहिली तीन वर्षं तिथली. काय होतं राजूरला आपलं? शाळेमागची भाड्याची एक खोली, संपता संपेना असा पाऊस, ओढ्यावर नेऊन धुवायचं धुणं आणि मंगळवारचा बाजार. मी तर सुटले म्हणून आले होते तिथून. आणि तुम्ही वीस वर्षांनी अचानक म्हणालात, तिकडच्या दगडांची जातच वेगळी, बघून येतो. येताना एस.टी.त एक गोटा मांडीवर घेऊन बसलात. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, ह्ये काय?" तुम्ही म्हणालात, "दगड." तो म्हणाला, "ते दिसतंय. पर लगेज लावू का माणूस धरू? मांडीवर घेतलाय म्हनून इचारतो." अख्खी गाडी हसली, असं तुम्हीच मला सांगितलंत, आणि सांगताना इतके खूश होतात की मी विचारलंच नाही, गोटा एवढासा आणि दिवस दोन का लागले.

ते कळलं दिवाळीनंतर. हिरड्याची पोती घेऊन येणारा एक ट्रक आपल्या फाटकाशी थांबला आणि पोत्यांखालून तो निघाला. पुरुषभर लांब, दीड हात जाड, काळा, अंगावर वाळलेल्या शेवाळाचे राखी चट्टे. मारुती, सहा माणसं, पहारी आणि लाकडाचे ओंडके. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. मोगरा मागितला होता मी, आणि माझ्या दारात हे धूड उतरत होतं.

त्या दगडावरनं आपण जेवढं भांडलो, तेवढं लग्नाच्या सगळ्या वर्षांत मिळून भांडलो नसू. माझं म्हणणं, आणलाच आहे तर उभा करा, निदान रस्त्यावरून दिसेल तरी. तुमचं म्हणणं, आडवाच. "उभा केला की आठ दिवसांत त्याला शेंदूर लागेल, महिन्यात नारळ फुटेल, आणि पुढच्या वर्षी आपल्याच अंगणात आपल्याला चपला काढून यावं लागेल." तेही खरंच होतं, पण मी मान्य केलं नाही. आडवा बसवायलाही तुम्हाला दोन दिवस लागले. इकडे बोटभर, तिकडे बोटभर. शेवटी तुम्ही हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलंत आणि दगडावर ओतलंत. पिण्याचं पाणी! दगडावर! मी जी ओरडले, ती पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली असणार. तुम्ही वर बघितलंही नाही. पाणी कुठे ओघळतंय ते बघत बसलात आणि मारुतीला म्हणालात, "आता बरोबर."

त्याच्या पायाशी मग तुम्ही प्रवरेचे लहान गोटे ओळीनं लावलेत, अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत. मी त्याला कोरडी नदी म्हणायचे. कोपऱ्यात हातभर खड्डा केलात, कुठून तरी चार पाट्या काळी माती आणून भरलीत आणि तशीच सोडलीत. मी विचारलं, "तिथं काय? अजून एक धोंडा?" तुम्ही म्हणालात, "बघू."

आणि त्या दिवसापासून रोज तोच प्रश्न, "कसा वाटतो?"

"दगडासारखा."

"नीट बघ."

"बघितला."

चार महिने. रोज. तुम्ही विचारायचात आणि थोडा वेळ थांबायचात, मी अजून काही बोलेन म्हणून. मी आत निघून जायचे. त्या सकाळीही तुम्ही फाटकात सायकल धरून विचारलंत, "कुसुम, नीट बघितलास का गं?" मी म्हटलं, "सतरा वेळा बघितला! डबा घ्या आणि निघा." तुम्ही निघालात. दुपारी शाळेचा शिपाई सायकल हातात धरून चालत आला, आणि सायकलवर तुम्ही नव्हतात. वर्गाच्या दारातच कोसळलात म्हणाले. डबा तसाच भरलेला होता.

हे शेवटचं बोलणं घेऊन मी पंधरा दिवस बसले आहे. कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाच सांगते.

भेटायला येणारे आधी दगडाकडे बघायचे, मग माझ्याकडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुजबुज कानावर आली: दारात थडग्यासारखा दगड आडवा घातला, मग घरातलं माणूस जाणार नाही तर काय. एकीनं तर माझ्यासमोरच हात जोडले दगडाला. मी म्हटलं, "बाई, तो देव नाही आणि थडगंही नाही. त्याला काही मागू नका. मी मागितला तो मोगरासुद्धा मिळाला नाही." ती परत आली नाही, ते बरंच झालं.

पण भाऊजींच्या मनानं घेतलं. माणूस वाईट नाहीत ते, तुम्हाला माहीत आहे. राहात्याची शेती टाकून पंधरा दिवस इथे पडून होते, जेवण जात नव्हतं त्यांना. पाठचा भाऊ गेला, त्याचा राग कुणावर तरी काढायला हवा होता, आणि दगड समोरच होता. तेरावं झालं, चौदावंही पार पडलं, आणि काल सकाळी ते मारुतीला घेऊन आले. पहार, घण, छिन्नी.

"कुसुम, तू आत बस," ते म्हणाले. "ह्यो आज फोडून टाकू. खडी करून रस्त्याला देऊ. अंगनात थडगं घेऊन ऱ्हायाचं न्हाई."

"फोडायचा नाही."

"लोक काय म्हन्तात ठावं हाय का तुला?"

"लोक तुमच्या भावालाही म्हणायचे. ते ऐकत नव्हते. मीही ऐकत नाही."

"आगं, त्यो गेला ह्याच्यापायी!"

"दगडापायी कुणी जात नाही, भाऊजी. छाती थांबली म्हणून गेले." माझा आवाज चढला. "आणि त्यांचा जीव म्हणून तुम्ही मुरमाचा खडा उचललात, तेव्हा मी गप्प बसले. तो हाताला लागला तो होता. हा त्यांनी निवडलेला आहे. हा मी देणार नाही."

ते मारुतीला म्हणाले, "घाल घण." मारुती खाली बघत उभा राहिला. भाऊजींनी स्वतः पहार उचलली.

तेव्हा मी जाऊन दगडावर बसले. पांढरं कपाळ, मोकळे हात, रस्त्यावर बघणारी माणसं. मांडी घालून मधोमध बसले आणि म्हटलं, "आधी मला उचला."

चार महिन्यांत मी त्या दगडाला हात लावला नव्हता. तुमच्यावरच्या रागानं, दुसरं काय! आता तोल सावरायला डावा हात टेकला, आणि तो एका खळगीत गेला. वाटीएवढी खळगी, कडा गुळगुळीत. हात तिथे असा बसला, जसा रोज तिथेच जात होता.

मी बघितलंच नाही. डोळे मिटले. माझा साबण. साबण ठेवायची माझी जागा. समोरचा उतार गुडघ्याशी आला, जसा यायचा. राजूरच्या ओढ्याचा आवाज, माझे भिजलेले पाय, आणि वर बांधावर तुम्ही चित्राची वही घेऊन बसलेले, मी रडते आहे का हसते आहे ते वाकून बघत. एकोणीस वर्षांची होते मी. माहेर आठवून मी त्या दगडावर लुगडी आपटायचे, आणि तुम्ही म्हणायचात, दगडाला लागेल. तीन वर्षं ज्याच्यासमोर रोज बसले, तो मला दारात आणून ठेवलात, आणि मी म्हटलं दगडासारखा.

मारुती हळूच म्हणाला, "वळखला व्हय, बाई?"

"तुला माहीत होतं?"

"तर! म्या तर गेल्तो आनाया. सर म्हन्ले, बाईंना सांगायचं न्हाई. त्यांचा त्यांनी वळखला पायजे. म्या म्हनलं, सर, सांगून टाका की. तर म्हन्ले, मारुती, तिला रागात दिसत न्हाई, राग गेला की दिसंल." त्यानं घण खाली ठेवला. "म्हनून रोज इचारायचे तुमाला."

मी तुमच्यावर भडकले. तेव्हाही, तिथेही. हा काय हट्ट! एक शब्द बोलला असतात तर चार महिने मी त्या दगडावर तुमच्याशेजारी बसले असते. इतका कसला माणसानं भरवसा धरावा, की वेळ आहे, ही ओळखेल? तुमचं हे मला कधीच पटणार नाही, आणि यावर तुमच्याशी भांडायला मिळणार नाही हे त्याहून पटणार नाही.

मग मी उठले आणि आत गेले. तेराव्याला तुमचे कपडे देऊन टाकले, पण एक सदरा मी ट्रंकेत दडवला होता, खिशाजवळ निळ्या रंगाचा डाग असलेला. तो घेतला, साबण घेतला, हंड्यात होतं तेवढं पाणी बादलीत ओतलं. टँकर यायला अजून एक दिवस होता. घराच्या दर्शनी अंगणात, नवरा जाऊन पंधरा दिवस झालेली बाई, भर सकाळी धुणं धुवायला बसली. मागे मोरी असताना! रस्त्यावरचं कुणीतरी म्हणालं, वेड लागलं. लागू दे. तुम्ही चाटलात, मी धुते.

साबण खळगीत ठेवला. सदरा भिजवला, आपटला. आवाज तोच आला, बोलका. भाऊजींच्या हातातली पहार खाली टेकली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली. मग पुढे झाले आणि तांब्यानं पाणी घालायला लागले, थोडं थोडं, जपून. "लई हट्टी हुतं आमचं," एवढंच म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

डाग काही निघाला नाही. मी पिळा घातला, आणि तेव्हा माझी नजर पाण्यावर गेली. दगडाच्या उतारावरून ते एका धारेनं खाली आलं, गोट्यांच्या ओळीत शिरलं. माझ्या त्या कोरड्या नदीत. गोट्यागोट्यांमधून वाट काढत, थेंब इकडेतिकडे न जाता, सरळ कोपऱ्यापर्यंत गेलं आणि काळ्या मातीत जिरलं.

त्या तांब्याभर पाण्यावरून मी किती ओरडले होते.

दुष्काळात झाडाला वेगळं पाणी कोण देतो? धुण्याचं द्यायचं. तुम्ही दगड, उतार, गोटे, माती, सगळं मांडून ठेवलं होतंत, फक्त मी येऊन धुवायला बसायची राहिले होते. तुम्ही केलेली ती दगडांची बाग नव्हतीच. मोगऱ्याच्या पाण्याची सोय होती.

आज सकाळी मारुती एक रोप घेऊन आला. त्यानं कुणाच्या दारातून मागून आणलं ते विचारलं नाही. भाऊजींनी जायच्या आधी स्वतःच्या हातानं लावलं, आणि राहात्याच्या गाडीत बसताना म्हणाले, "कुसुम, धुनं रोज तिथंच धूत जा." मी म्हटलं, ते मी ठरवलंच आहे.

तर आता ऐका. नीट बघितला. ओळखला. दगड आहे तसाच राहील, आडवा, कुणी काहीही म्हणो. त्याला हात लावणाऱ्याला आधी मला उचलावं लागेल. एवढ्या एका गोष्टीत तुमचं खरं. पण मी मोगरा म्हटलं होतं आणि मोगराच लागला आहे. तेव्हा भांडण मी जिंकले. असाल तिथे कबूल करा.